तारेची चाल

भोपाळच्या गोविंदपुरा औद्योगिक वसाहतीतून मला फोन येतो, तेव्हा पलीकडचं वाक्य बहुधा एकच असतं : "भैया, तार झटके मार रही है." या एका वाक्यात वेल्डरने अर्धं निदान केलेलं असतं. वेल्डच्या बीडमध्ये बारीक छिद्रं पडली, कडेला खाच आली, मुळाशी धातू जोडलाच गेला नाही, या गोष्टी नंतर तपासणीत उघड होतात. वेल्डरच्या कानाला मात्र त्या आधीच कळलेल्या असतात. तार नीट येत असेल तर आर्कचा आवाज सलग राहतो. तारेची चाल बिघडली की तो तुटायला लागतो. ही चाल सांभाळणारं यंत्र म्हणजे वायर फिडर. ते दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे आणि त्यावर माझा जीव आहे.

मी राहतो सोनागिरीत. पिपलानी, बरखेडा, सोनागिरी, इंद्रपुरी हा सगळा भाग वाढला तो 'भेल'च्या, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, आधाराने. १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड स्थापन झाली, ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजचं तांत्रिक सहकार्य तिला होतं. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कारखान्याचं उद्घाटन झालं आणि १९७४ मध्ये ही कंपनी भेलमध्ये विलीन झाली. या कारखान्याच्या नोकरीसाठी विदर्भातून, खानदेशातून मराठी घरं भोपाळला आली. त्यातलंच एक आमचं. जलविद्युत केंद्रांची टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर, मोठ्या मोटरी इथे तयार होतात. टर्बाइनभोवतीच्या सर्पिल आवरणाच्या पत्र्यांची जाडी पाहिली की वेल्डिंग हे केवळ चिकटवण्याचं काम नाही हे समजतं. तिथे थरावर थर चढवत सांधा भरावा लागतो आणि आतल्या एका थरातला दोष वरचे सगळे थर खोदायला लावतो. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या गोविंदपुऱ्याच्या छोट्या शॉपमध्येही मापं लहान, पण नियम तेच.

तारेच्या चालीचं एवढं महत्त्व का, ते आकड्यांत सांगतो. मिग किंवा सीओटू वेल्डिंगमध्ये आमच्याकडे सर्रास १.२ मिलिमीटरची तार वापरतात. १५ किलोच्या एका रिळावर ती जवळपास १७०० मीटर असते. अडीचशे-पावणेतीनशे अँपिअरवर ही तार मिनिटाला साधारण ८ मीटर, म्हणजे सेकंदाला १३३ मिलिमीटर धावते आणि तितक्याच वेगाने टोकाशी वितळत असते. वेल्डिंग टॉर्चच्या टोकाशी असलेल्या टिपच्या बाहेर तारेची उघडी लांबी असते जेमतेम १५ मिलिमीटर. आता समजा तार मध्येच अडली. वितळणं थांबत नाही, म्हणून आर्क तारेवरून वर चढतो आणि सेकंदाच्या एक-दशांशाच्या आसपास तो तांब्याच्या टिपपर्यंत पोचू शकतो. तार टिपला वितळून चिकटते, काम थांबतं. माणसाच्या हाताला, डोळ्याला हा वेळ पुरणारा नाही. स्वयंचलित वेल्डिंगचा सगळा प्रश्न या एक-दशांश सेकंदात आहे.

या प्रश्नाचं पहिलं उत्तर शंभर वर्षांपूर्वीचं आहे. १९२० मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत पी. ओ. नोबेल यांनी स्वयंचलित आर्क वेल्डिंग आणलं. झिजलेले मोटरचे शाफ्ट आणि क्रेनची चाकं भरून काढायला ते वापरात होतं. तारेचा वेग ठरवायला त्यांनी आर्कचंच व्होल्टेज वापरलं. आर्क लांबला की व्होल्टेज वाढतं. ते वाढलं की मोटर तार जोरात पुढे ढकलते आणि आर्क आखूड होतो. आखूड झाला की व्होल्टेज उतरतं आणि मोटर सावकाश होते. आर्क स्वतःची गरज सांगतो आणि मोटर ती ऐकते.

दुसरं उत्तर युद्धाने शोधायला लावलं. १९४१ मध्ये येवगेनी पाटन यांची वेल्डिंग संस्था कीव्हहून उरल पर्वतातल्या निझ्नी तागील इथे हलवली गेली. तिथे टी-३४ रणगाड्यांच्या जाड चिलखती पत्र्यांना फ्लक्सच्या भुकटीखाली स्वयंचलित वेल्डिंग करायचं होतं. व्होल्टेज ऐकून वेग बदलणारी वेल्डिंग हेड गुंतागुंतीची होती. तेवढे सुटे भाग आणि ती सांभाळणारे हात युद्धकाळात आणायचे कुठून? १९४२ मध्ये त्या संस्थेतल्या व्लादिमीर द्यातलोव यांनी दाखवून दिलं की तारेतून करंट पुरेसा दाट वाहत असेल, तर तार फक्त स्थिर वेगाने देत राहिलं तरी पुरतं. आर्कची लांबी आर्कच सावरतो. मग साध्या, स्थिर वेगाच्या मोटरवर चालणारी हेड बनली आणि ती अगदी नवख्या कामगारांनीही चालवली.

आर्क स्वतःला कसा सावरतो? मिगचा पॉवर सोर्स सपाट स्वभावाचा असतो, म्हणजे करंट बदलला तरी व्होल्टेज जवळजवळ तेवढंच ठेवणारा. टॉर्च कामाच्या किंचित जवळ गेली की आर्क आखूड होतो. एका व्होल्टच्या फरकाला करंट ३०-४० अँपिअरने वर उडी घेतो, तार जास्त वेगाने वितळते आणि आर्क परत मूळ लांबीवर येतो. टॉर्च लांब गेली तर नेमकं उलट. यासाठी कुणी सेन्सर लावलेला नसतो. मात्र एक अट आहे : तारेचा वेग ढळता कामा नये. गवयाला सूर लावायला मागे तंबोरा अचल लागतो, तशी आर्कला ही तार लागते.

जाड तारेची गोष्ट वेगळी. फ्लक्सखाली वेल्डिंग करणाऱ्या सबमर्ज मशीनवर ४ मिलिमीटरची तार ६०० अँपिअरवर मिनिटाला सव्वा मीटरच्या आसपास जाते. बारीक तारेत करंटची दाटी चौरस मिलिमीटरला २३०-२४० अँपिअर असते, इथे ती पन्नासच्याही आत. एवढी जाड तार करंटच्या फरकाला लगेच दाद देत नाही. म्हणून तिथे आजही करंट धरून ठेवणारा पॉवर सोर्स आणि व्होल्टेज ऐकणारा फिडर अशी जोडी असते. सुरुवात तर पाहत राहावी अशी : तार कामाला टेकते, व्होल्टेज शून्यावर येतं, मोटर उलटी फिरून तार उचलते, आर्क पेटतो आणि मग ती पुन्हा खाली यायला लागते. बारीक तार असेल तर वेग स्थिर ठेवा आणि आर्कच्या कामात पडू नका. जाड तार असेल तर आर्कचं ऐकून वेग बदला. कुठे हात घालायचा आणि कुठे नाही हे ओळखणं, हेच माझ्या मते नियंत्रणाचं सगळं शास्त्र.

वेग स्थिर ठेवणं बोलायला सोपं आहे. फिडरची मोटर डीसी. तारेला अडथळा आला की मोटरवर भार येतो आणि वेग पडतो. कंट्रोल कार्ड तो ओळखून मोटरला जास्त व्होल्टेज देतं. स्वस्त कार्ड वेगाचा अंदाज मोटरच्या उलट व्होल्टेजवरून बांधतं. पण मोटर तापली की तिच्या गुंडाळ्यांचा रेझिस्टन्स वाढतो आणि तो अंदाज चुकतो. मे महिन्यात भोपाळच्या पत्र्याच्या शेडखाली सकाळचा वेग दुपारी राहत नाही, तो यामुळे. चांगल्या फिडरमध्ये मोटरच्या शाफ्टवर एन्कोडर असतो, तो फेरे मोजतो. पण एन्कोडरलाही दिसतो तो रोलर. तार त्याला दिसत नाही. रोलर फिरतोय आणि तार त्यावर घसरतेय, अशा वेळी कार्डाच्या हिशेबाने सगळं ठीक असतं.

म्हणून माझी तपासणी नेहमी रिळापासून सुरू होते. रिळाचा ब्रेक असा हवा की मोटर थांबल्यावर तार सैल सुटणार नाही, आणि इतका घट्टही नको की रोलरला ती ओढावी लागेल. रोलरची खाच तारेच्या जातीची हवी : पोलादी सॉलिड तारेला व्ही आकाराची, ॲल्युमिनियमच्या मऊ तारेला यू आकाराची, फ्लक्स भरलेल्या पोकळ तारेला खवल्यांची. दाब पाहायला लाकडाचा ठोकळा घेतो. टॉर्चच्या अगदी जवळ धरला तर रोलर घसरला पाहिजे, जरा लांब धरला तर तार ठोकळ्याला लागून वळली पाहिजे. दाब जास्त असेल तर तारेचा आकार बिघडतो, तिच्यावरचा तांब्याचा पातळ मुलामा खरवडून निघतो आणि तो भुगा टॉर्चच्या केबलमधल्या लायनरमध्ये साठतो. मग वेल्डर दाब आणखी वाढवतो, भुगाही वाढतो, आणि एक दिवस रोलरपाशीच तारेचा गुंता होतो. पावसाळ्यात उघडं रीळ रात्रभर मशीनवर राहिलं तर गंजाचा खरखरीतपणाही त्यात मिसळतो.

शेवटी मोजमाप. टॉर्चची केबल सरळ ठेवून सहा सेकंद तार सोडायची, लांबी मोजायची आणि दहाने गुणायची, की मिनिटाचा वेग मिळाला. मग केबलला कामावर असतो तसा वळसा देऊन पुन्हा तेच करायचं. दोन्ही आकड्यांत फरक पडला तर दोष तारेच्या वाटेत आहे आणि नवं कार्ड तो काढू शकणार नाही.

आज तंत्र फार पुढे गेलं आहे. ऑस्ट्रियाच्या फ्रोनियस कंपनीच्या कोल्ड मेटल ट्रान्सफर पद्धतीत तार सेकंदाला सत्तरेक वेळा पुढे-मागे होते आणि थेंब अलगद ठेवून माघार घेते. १९२० मध्ये तार पुढे ढकलायला शिकलेलं यंत्र आता प्रत्येक थेंबाला तार मागे घेतं, हे पाहून मला मनापासून आनंद होतो. पण या यंत्राच्या तारेलाही रीळ, लायनर आणि टिप लागतेच. जितकं नियंत्रण बारीक, तितका तारेच्या वाटेतला कचरा जास्त छळतो.

गोविंदपुऱ्याच्या आयटीआयमधून शिकून येणारी मुलं पॉवर सोर्सची बटणं झटपट शिकतात. त्यांना, आणि त्यांच्या मालकांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे : फिडरला पॉवर सोर्सइतकाच मान द्या. रीळ बदलताना लायनर कोरड्या हवेने फुंकून घ्या, रोलरची खाच साफ करा, झिजलेली टिप बदला, सहा सेकंदांची तार मोजून वहीत लिहा. कंट्रोल कार्डाला हात त्यानंतरच लावा.