चाकांवरचं घर

शहागडला गोदावरीच्या पुलाजवळ, वेल्डरच्या शेडमध्ये माझी सेकंडहँड ओम्नी उभी होती. कंपनीनं 2019 मध्ये ही गाडी बंद केली, पण सुटे भाग अजून कुठंही मिळतात. मागच्या सीटा काढून चौकोनी पाइपची फ्रेम, वर प्लायवूडचा बेड, खाली पाण्याचे कॅन. सगळं यूट्यूबवर बघून. (सीटा काढण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मी नंतर वाचलं.) तिकडचे लोक व्हॅनमध्ये हीटर बसवतात, आपला पत्रा मे महिन्यात तव्यासारखा तापतो.

अण्णा बघायला आले. त्यांनी बारा सीझन ऊस तोडला. दिवाळीच्या सुमारास बैलगाडीत पीठ, भांडी, कोंबड्या आणि मी. मग उचल फिटेपर्यंत पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत. माझी दुसरी-तिसरी तशीच बुडाली.

ते वाकून आत बघत राहिले.

“घर असताना गाडीत झोपायचं? हौसेनं?”

मला उत्तर सुचेना. वेल्डरनं मशीन बंद केलं.

थोड्या वेळानं त्यांनीच बेडखाली हात घातला. “पाणी इतकं आत नको. दाराशी ठेव. रात्री तू पाणी मागायचास, अंधारात घागर सापडायची नाही.”

मी कॅन पुढं ओढला.