एका गोळीचा हिशेब

आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. अंकगणिताशीं आमचें वैर जुनेंच आहे. तरीसुद्धां शंभर गोळ्यांची बाटली रोज एक गोळी घेणाऱ्या माणसास सव्वातीन महिने पुरते, एवढा हिशेब आम्हांस यावयास हवा होता. तो आला नाहीं, आणि त्याचें प्रायश्चित्त आमच्या थोरल्या बहिणीस भोगावें लागलें.

अक्का वैधव्यानंतर आमच्याकडेच राहते. गेलीं आठ वर्षें तिच्या थायरॉइड ग्रंथीचें काम मंदावलें आहे. १८९१ सालीं न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरानें अशाच एका स्त्रीस मेंढीच्या ग्रंथीचा अर्क देण्यास प्रारंभ केला. ती पुढें २८ वर्षें जगली. तिच्यापायीं ८७० हून अधिक मेंढ्या खर्ची पडल्या. आज तेंच काम थायरॉक्सिनची एक चिमुकली गोळी करते.

गेल्या वर्षीं भर वैशाखांत अक्का शाल पांघरून बसूं लागली. चेहरा सुजला, बोलणें संथ झालें. आम्ही त्यास वार्धक्य म्हणून मोकळे झालों. डॉक्टरांनीं रक्ताच्या तपासणींतील टीएसएचचा आंकडा पाहून विचारलें, "गोळी रोज घेतां ना?" अक्का घुटमळली. घरीं आल्यावर म्हणाली, "अरे, एक दिवसाआड घेत होतें. तेवढीच तुझी बचत."

त्याच महिन्यांत आम्हीं निबंधांचा एक जुना संग्रह आठशें रुपयांस आणून तिला मोठ्या कौतुकानें दाखविला होता!

हें औषध शरीरांत आठवडाभर रेंगाळतें. म्हणून चुकविल्याची शिक्षा लगेच होत नाहीं, हळूहळू होते. अक्का त्यालाच फसली. वस्तुतः गोळी महाग नाहींच. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादींत ती असल्यामुळें सरकारनें तिच्या किमतीस मर्यादा घातली आहे. रोजचा खर्च हॉटेलांतल्या चहाहूनहि कमी. पैसा जातो तो तपासण्यांवर. प्रयोगशाळा दहापंधरा चाचण्यांचें गाठोडें पुढें करतात. पण मात्रा एकदां स्थिरावली कीं बहुधा टीएसएच ही एकच चाचणी, तीहि वर्षांतून एकदोनदां, पुरते. कंपनीच्या नांवाऐवजीं औषधाच्या मूळ नांवानें स्वस्त गोळी मिळाली तर डॉक्टरांस विचारून जरूर घ्यावी. मात्र वारंवार कंपनी बदलूं नये, आणि बदलल्यास सहाआठ आठवड्यांनीं रक्त पुन्हां तपासावें. गोळी रिकाम्या पोटीं, चहाच्या अर्धा तास तरी आधीं घ्यावी. कॅल्शियम वा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी. नाहींतर विकत घेतलेलें औषध अंगीं लागत नाहीं, आणि याहून मोठी उधळपट्टी ती कोणती?

हें सारें डॉक्टरांनीं एका प्रश्नासरशीं सांगितलें. तो प्रश्न आठ वर्षें आमच्या तोंडून निघाला नव्हता. भाजीवालीशीं दोन रुपयांसाठीं हुज्जत घालणारे आम्ही मध्यमवर्गीय लोक, डॉक्टरांपुढें पैशाचा शब्द काढणें मात्र असभ्यपणाचें समजतों. आणि अक्कानें तरी तो कोणापाशीं काढावा?

आतां बाटली आमच्या टेबलावर असते. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहिलेली आहे. रोज पहाटे गोळी अक्काच्या हातावर ठेवून ती गिळीपर्यंत आम्ही उभे राहतों. परवां ती म्हणाली, "एवढें लक्ष मुलांच्या पेपरांकडे तरी देतोस का रे?"

आम्हीं पाण्याचा पेला पुढें केला.