ये किसने बोला?

फुलसावंगीच्या आमच्या घरात कोणी काही बातमी आणली की दादीचा सवाल ठरलेला, "ये किसने बोला?" सांगणारा स्वतः तिथे होता की चौकात ऐकून आला, हे कळल्याशिवाय ती पुढचं ऐकतच नाही. आम्ही दोघी बहिणी या सवालाला लहानपणापासून वैतागलेल्या. एम.ए.च्या शेवटच्या वर्षी त्यानेच आम्हाला गाठलं.

वयात वर्षाचंच अंतर, त्यामुळे वर्ग एक आणि प्रकल्पही एकत्र. विषय होता कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रिया. यवतमाळ कापसाचा जिल्हा, वेचायला जाणाऱ्या बाया आमच्याच गल्लीतल्या. तरी पहिलं प्रकरण आम्ही मोबाईलवरून उतरवलं. चार ठिकाणचे परिच्छेद जोडले, थोडे शब्द बदलले, शेवटी लिहिलं, 'इंटरनेटवरून साभार'. सरांनी पाच पानं वाचून कागद परत केले. "यात तुमचं काय आहे?"

याला वाङ्मयचौर्य म्हणतात, हे तेव्हा नीट कळलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीप्रमाणे प्रबंधात ६० टक्क्यांहून जास्त मजकूर दुसऱ्याचा निघाला तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. एसटीत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. अम्मीने शिवणकामाच्या पैशांतून फी भरली होती.

रात्री अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि हदीसची गोष्ट काढली. हदीसचे दोन भाग, सनद आणि मतन. मतन म्हणजे मूळ मजकूर. सनद म्हणजे तो कोणी कोणाकडून ऐकला याची साखळी. मधली कडी तुटलेली असेल तर मजकूर कितीही सुंदर असो, मुहद्दिस त्याला कमजोर ठरवतात. "तुमच्या कागदात मतन आहे, सनद कुठाय?" तळटीप का द्यायची, हे वर्गात तीनदा ऐकूनही डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या रात्री शिरलं.

मग नवी वही केली. डाव्या पानावर पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत, लेखक, वर्ष आणि पान क्रमांकासह. उजव्या पानावर तेच पुस्तक मिटून आमच्या शब्दांत. आणि आमच्या शब्दांत लिहिलं तरी लेखकाचं नाव द्यायचंच, कारण विचार त्याचा. विषयाचा प्रश्न केला: वेचणीचा किलोमागचा दर ठरतो कसा? प्रश्न सापडल्यावर निम्मी पानं आपोआप गळाली. 'सर्व स्त्रियांचं शोषण होतं' हे वाक्य खोडताना जीवावर आलं, पण आम्ही भेटलो होतो फक्त बावीस जणींना. तिथे 'आम्ही भेटलेल्या बावीसपैकी' असं आलं. गोषवारा सगळ्यात शेवटी लिहिला, तो आधी लिहायचा हट्ट करून दोन दिवस वाया घालवल्यावर.

नावांपाशी मात्र अडलो. सनदीत प्रत्येकाचं नाव हवं, आणि बाया म्हणाल्या, नाव छापू नका, ज्यांच्या वावरात जातो ते पुढच्या वर्षी बोलवायचे नाहीत. सरांनी सांगितलं, क्रमांक द्या. खरी नावं वेगळ्या वहीत, कुलुपात.

शेजारच्या खालाला तिचं बोलणं वाचून दाखवलं.

"मेरा नाम नहीं ना डाला?"

"नाही खाला. उत्तरदाती क्रमांक चौदा."

ती खूश झाली. मग थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "फिर सरको कैसा समझेगा, ये मैंने बोला करके?"

आम्ही तिला कुलूप लावलेली वही दाखवली.