डाव्या हाताचा फ्री थ्रो

४ मार्च. आज दिवसभर बास्केटबॉलपटू हँक गॅदर्स मनात आहे. १९९० साली याच तारखेला लॉस एंजेलिसमध्ये, लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाच्या घरच्या कोर्टवर, त्याने हवेतच चेंडू झेलून जोरदार डंक मारला. आणि काही क्षणांत तो कोसळला. उठायची धडपडही केली त्याने. वय अवघं २३.

आदल्या मोसमात गुण आणि रिबाउंड, दोन्हींत तो अमेरिकेतल्या अव्वल श्रेणीच्या विद्यापीठांत पहिला होता. असा दणकट मुलगा! डिसेंबरातही तो एकदा पडला होता, फ्री थ्रोच्या रेषेवरच. ठोके अनियमित असल्याचं निदान झालं, औषध सुरू झालं, तो पुन्हा खेळू लागला. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूचा आजार निघाला. इथे आलं की मला पुढे वाचवत नाही. पहिल्यांदा पडला तेव्हाच शरीराने सांगितलं होतं ना?

मग बो किंबल आठवतो. फिलाडेल्फियातला शाळेपासूनचा सवंगडी. हँक उजवा, पण फ्री थ्रो नीट पडेनात म्हणून ते डाव्या हाताने टाकू लागला होता. तो गेल्यावर संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला, आणि प्रत्येक सामन्यातला आपला पहिला फ्री थ्रो उजव्या किंबलने डाव्या हाताने टाकला. पुढे त्या पोरांनी गतविजेत्या मिशिगनला १४९-११५ असं हरवलं. पण माझ्या डोळ्यांपुढे राहतो तो पहिलाच चेंडू. परक्या हाताने सोडलेला, तरी सरळ जाळीत पडलेला.