दान की ऋण?

आमच्या कुंडलच्या घरी वसुबारसेला आक्का गाय-वासराची पूजा करते. तिच्या हृदयातली नवी झडप गुराच्या हृदयावरणापासून केलेली आहे! आणि गावच्या डोंगरावर अहिंसेची आठवण देणारा गिरी पार्श्वनाथ.

२०२२ च्या जानेवारीत तर अमेरिकेत, मेरीलँडला, जनुके बदललेल्या डुकराचे अख्खे हृदय एका माणसाला बसवले. तो दोन महिने जगला. अशा जनावराला आपण ‘दाता’ म्हणतो. पण दधीचीने अस्थी आपणहून दिल्या; डुकराला कुणी विचारले?

आक्का मला हवी आहे, हे मी लपवीत नाही. मात्र घेतलेल्याला दान म्हणू नये, ऋण म्हणावे. दानाचे आभार मानले की माणूस मोकळा होतो. ऋणकोला मात्र ते जनावर कसे वाढवले, कसे मारले, दुसरा उपाय होता का, हे विचारावेच लागते.