पोतं ओलं झालं का?

निफाड तालुक्यात पशुवैद्यक म्हणून रुजू झालो तेव्हा वाटलं होतं, आता गाभण म्हशी तपासायच्या, लाळ्या-खुरकताच्या लसी टोचायच्या, फार तर अडलेलं वासरू ओढून काढायचं. दिवाळीनंतर उसाला कोयता लागला, त्यात दडलेले बिबटे बाहेर पडू लागले आणि वनखात्याकडून निरोप आला, ‘डॉक्टर, बंदूक तपासून घ्यायचीय. या सकाळी.’ माझा बंदुकीशी संबंध जत्रेतले फुगे फोडण्यापुरता. त्यातही फुगे शाबूत राहायचे.

शिकारकथा मात्र भरपूर वाचलेल्या. जिम कॉर्बेटने 1926 मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला, हे शाळेत असल्यापासून तोंडपाठ. जुने शिकारी दुनळी रायफल का पसंत करायचे, तेही ठाऊक होतं: दोन नळ्यांचे घोडे वेगळे, एक काडतूस फुसकं निघालं तरी दुसरं तयार. आफ्रिकेत रानम्हशीच्या मागावर जाणारे अजूनही निघण्याआधी भरपूर गोळ्या झाडून बघतात, काडतूस अडकत नाही ना, रिकामी पुंगळी झटक्यात बाहेर पडते ना. मला वाटलं, आपल्याकडेही असंच काहीतरी असेल. पण आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्या कायद्यात बिबट्याला पकडणंसुद्धा शिकारीतच धरलंय, त्यामुळे भूल द्यायची म्हटली तरी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. म्हणजे आमची बंदूक झोपवणारी.

रोपवाटिकेमागच्या मोकळ्या जागेत एक जुने वनमजूर बाभळीला पोतं टांगत होते. त्यांना सगळेच मामा म्हणतात. पोत्यात उसाचं पाचट ठासलेलं, त्यावर फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा शिवलेला. बंदूक पाहून माझी निराशा झाली. दारू नाही, गोळी नाही. कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर, लांब नळी आणि वर दाब दाखवणारा काटा. आवाज म्हणाल तर ‘फट्’.

खरी गंमत डार्टमध्ये आहे. वरवर पाहिलं तर शेपटीला रंगीत झुपका लावलेली सिरिंज. आत दोन कप्पे: पुढच्यात औषध, मागच्यात दाबून भरलेली हवा, मध्ये दट्ट्या. सुईचं टोक बंद असतं. भोकं असतात तिच्या अंगाला, आणि त्यांच्यावर सिलिकॉनची इवलीशी नळी चढवलेली. सुई कातडीत घुसली की ही नळी मागे सरकते, भोकं उघडी पडतात आणि मागची हवा औषध पुढे रेटते. गाईची मान धरून इंजेक्शन देताना हे सगळं माझा अंगठा करतो. इथे अंगठा वीस मीटर मागे राहिलेला.

मी डार्टमध्ये साधं पाणी भरलं. मामा म्हणाले, ‘जेवढं औषध भरणार तेवढंच भरा. वजन बदललं की पल्ला बदलतो.’ मग मागचा कप्पा हवेने भरून डार्ट पाण्याच्या ग्लासात बुडवला. बुडबुडा आला तर तो डार्ट बाद. अंतर किती, असं त्यांनी विचारलं. मी अंदाजाने सांगितलं, त्यांनी मोजून दाखवलं, आणि दोन्हींत चांगलंच अंतर पडलं. अंतरावर दाब ठरतो. कमी पडला तर डार्ट वाटेतच मान टाकतो, आणि जवळून जास्त दाबाने मारला तर हाड मोडतं. म्हणून नेम मांडीच्या जाड मांसावर धरायचा.

चाप ओढला. डार्ट पुठ्ठ्याच्या मधोमध! मी खूश होऊन वळलो तर मामा पोत्यापाशी पोचलेसुद्धा. पुठ्ठ्यामागे हात घालून त्यांनी पाचट चाचपलं.

‘कोरडं आहे, डॉक्टर.’

नेम बरोबर, जागा बरोबर, आणि औषध जागच्या जागी. सिलिकॉनची नळी सरकलीच नव्हती; जुनी होऊन सुईला चिकटली होती. खरा बिबट्या असता तर तो जागा राहिला असता, वर चिडलेला. नवी नळी बसवली, पुन्हा मारलं, पुन्हा पोत्यात हात. तिथून पुढे प्रत्येक बाराला प्रश्न एकच, पोतं ओलं झालं का?

निफाडच्या थंडीने आणखी एक भानगड उभी केली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला, याची बातमी दर हिवाळ्यात पेपरात असतेच. बंदुकीतला कार्बन डायऑक्साइड वीस अंशाला सिलिंडरमध्ये साधारण 57 बार दाब धरतो, पाच अंशाला 40 च्या आसपास. बंदुकीला त्याहून पुष्कळच कमी लागतो, तरी गारठ्यात तो भरायला वेळ लागतो. म्हणून दुपारी जमलेलं गणित पहाटे पुन्हा करून बघायचं आणि काट्यावरची नजर हलवायची नाही. मला तर गेज बघताना पोतं दिसेना आणि पोतं बघताना गेज.

बरं, डार्ट लागला आणि औषध गेलं तरी बिबट्या काही लगेच आडवा होत नाही. केटामाइन आणि झायलाझिनचं मिश्रण चढायला दहाएक मिनिटं जातात, आणि तेवढ्यात तो चार वाफे ओलांडून जातो. 2019 च्या जानेवारीत नाशकात गंगापूर रोडच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला होता. बघ्यांची ही गर्दी झाली, माणसं जखमी झाली. अशा गल्लीत ती दहा मिनिटं कशी काढायची, हे कुठलंही पोतं शिकवत नाही. केटामाइनने बेशुद्ध झालेल्या जनावराचे डोळे उघडेच राहतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरी उघड्या डोळ्यांच्या बिबट्याजवळ प्रथम कोण जाणार, हा प्रश्न मी मामांना विचारलाच. ‘डॉक्टरच की,’ ते म्हणाले.

पहिला कॉल आला तो विहिरीचा. कठडा नसलेल्या विहिरीत मादी पडली होती, कपारीला धरून पाण्यात. मी डार्ट भरून तयार, हात थरथरत होते, काटा बरोबर. मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाण्यातल्या जनावराला भूल दिली तर ते बुडून मरतं, हे माझ्या लक्षात यायच्या आत त्यांनी दोरांनी बाज खाली सोडलीसुद्धा. मादी बाजेवर चढली, मग पिंजरा उतरवला, आणि बंदुकीला कुणी हात लावला नाही.

भरलेल्या डार्टचं काय करायचं, ते मात्र माझ्याकडे लागलं. सुईवर टोपण चढवून, तोंड फिरवून मागची हवा सोडायची, मग औषध काढायचं. 2013 पासून केटामाइन कडक नियंत्रणाखालच्या औषधांत आहे, थेंबाथेंबाचा हिशोब द्यावा लागतो. किती भरलं, किती वापरलं, किती नष्ट केलं, कुणासमोर. मादीला वर काढायला लागला त्याहून जास्त वेळ मला रजिस्टरने लावला, आणि साक्षीदार म्हणून सही करायला मामा चष्मा शोधत बसले होते.