आंबट द्राक्षें

आंबट या शब्दाला मराठींत फारशी प्रतिष्ठा नाहीं. कोल्ह्याच्या हातीं न लागलेलीं द्राक्षें आंबट, नकार ऐकणाऱ्याचा चेहरा आंबट, आणि नको त्या गोष्टींत रस घेणारा तो आंबटशौकीन. ज्या लोकांना आमसुलावांचून आमटी आणि कैरीवांचून चैत्र गोड लागत नाहीं, त्यांनीं या रसाची अशी हेटाळणी करावी, हें आम्हांला नेहमींच कृतघ्नपणाचें वाटत आलें आहे.

या रसाची खरी थोरवी आम्हांला पटली ती ऐन माघांत, दिंडोरी तालुक्यांतील एका बागाइतदाराच्या ओसरीवर. त्यांच्याच द्राक्षांची, वाइनरीकडून भेट आलेली ती पांढरी वाइन. पांढरी हें आपलें म्हणावयाचें. रंग ताज्या पेंढ्यासारखा फिकट पिवळा. जात शेनिन ब्लाँ. तिचें माहेर फ्रान्समधील ल्वार नदीचें खोरें. पहिल्या घोटाला हिरव्या सफरचंदाची आणि किंचित् पेरूची आठवण झाली, आणि मागोमाग जिभेच्या दोन्ही कडांवरून अशी लख्ख आंबट धार गेली, कीं तोंड धुऊन निघालें. गोडवा औषधालाहि नव्हता. ल्वारच्या द्राक्षशेतीला शतकांचा इतिहास आहे. नाशिकजवळ सुलाची पहिली लागवड १९९७ सालची आणि पहिली बाटली २००० सालची. एवढ्या कोवळ्या वयांत या मातीला ही धार कशी साधली, हें विचारल्यावांचून आमच्यानें राहवेना.

उत्तर कात्रींत आणि थंडींत आहे. युरोपांतील वेल हिवाळ्यांत पानें टाकून झोपते. नाशिकच्या वेलीला तशी झोप लागत नाहीं, म्हणून माणसाला कात्री चालवावी लागते: उन्हाळ्यांत खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून, पावसाळा सरतां सरतां गोडी छाटणी, फळ धरावें म्हणून. त्यामुळें येथील फळ भर हिवाळ्यांत पिकूं लागतें, आणि खरी मेख तीच. पिकतांना साखर चढते व आम्ल उतरतें. रात्री उष्ण असल्या, तर तें झपाट्यानें उतरतें. दिवसाचें ऊन आणि दहा अंशांच्या आसपास येणारी रात्र, या दोहोंच्या ओढाताणींत फळ गोड होतें खरें, पण आपला आंबटपणा सोडीत नाहीं.

हा आंबटपणा राखणाऱ्याला भाव मात्र सहज मिळत नाहीं. बाजाराला हवा टपोरा, बिनबियांचा, साखरेसारखा मणी. वाइनचा मणी बारीक, बियांचा, जाड सालीचा. वाइनरीनें पाठ फिरविली, तर तो कोणाच्या दारीं न्यावयाचा? २००८ नंतरच्या मंदींत माल तुंबला, तेव्हां कित्येकांनीं या वेली उपटून पुन्हा खाण्याचीं द्राक्षें लावलीं. त्यांत वाइन करणारेहि पुष्कळदां गिऱ्हाइकाच्या जिभेला भिऊन शेनिनमध्यें थोडी साखर मागें राखतात. हा भित्रेपणा आम्हांला मुळींच पसंत नाहीं. तळलेल्या पापलेटावर आपण लिंबू पिळतों. तें काम ही वाइन परस्पर करिते. लिंबांत साखर कालवून तें पापलेटावर कोण पिळतो?

आमचे यजमान माळकरी. त्यांनीं पेल्याला हात लावला नाहीं. बागेंत नेऊन त्यांनीं एक मणी आमच्या हातावर ठेवला. साल चिवट, आंत दोन बिया, आणि गोडीच्या मागें तीच धार. दुसरा मणी त्यांनीं स्वतः चावला, बिया तळहातावर काढून त्यांचा रंग निरखला.

“अजून आठ दिवस,” ते म्हणाले. “तंवर अवकाळी नको.” आणि मग बराच वेळ ते आभाळाकडे पाहत उभे राहिले.